पूल बुडाला, पॅकेट कुठं गेलं?

कॉम्प्युटर नेटवर्क हा विषय खऱ्या यंत्रांवर शिकवायचा म्हटला, तर वीस मुलांच्या एका बॅचला निदान आठ-दहा राउटर, तितकेच स्विच, केबलची भेंडोळी आणि हे सगळं सोडवून पुन्हा जोडायला अख्खी दुपार लागते. एवढा सरंजाम फार थोड्या कॉलेजांत असतो. म्हणून शिकवणारे सिम्युलेटरकडे वळतात. पडद्यावर राउटर मांडायचे, रेघा ओढून ते जोडायचे, एका टोकाला माहितीचं पॅकेट सोडायचं आणि ते दुसऱ्या टोकाला कसं पोचतं ते बघायचं. यंत्र जळायची भीती नाही, आणि शंभर राउटरचं जाळंही एका साध्या संगणकावर उभं राहतं.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत तर सिम्युलेटरवाचून गत्यंतरच नाही. दोन्ही मिळून पंचवीस हजार चौरस किलोमीटरहून अधिक मुलूख, त्यातला मोठा भाग जंगल. १९८२ साली चंद्रपूरमधून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात बारा तालुके, आणि रेल्वे वर्षानुवर्षं फक्त वडशाला टेकून गेलेली. २०११ मध्ये नागपूर विद्यापीठातून वेगळं काढून गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ स्थापन झालं, ते या दोन जिल्ह्यांसाठी. इथं शिकणाऱ्या बहुतेक मुलांनी डेटा सेंटर आतून पाहिलेलं नसतं. पण इंटरनेटची लाइन गेली म्हणजे बँकेत, तहसीलमध्ये, दवाखान्यात काय होतं हे त्यांना पुण्या-मुंबईच्या मुलांपेक्षा नक्कीच जास्त ठाऊक असतं. नेटवर्क शिकायला ही फार चांगली पूर्वतयारी आहे, आणि तिचा उपयोग आपण पुरेसा करून घेत नाही.

प्रॅक्टिकलच्या तासाला मात्र या पूर्वतयारीपर्यंत गाडी पोचतच नाही. "सर, पिंगच नाही होऊन राहिला," "मॅडम, इन्स्टॉलच नाही झालं," "आलेख सरळ रेघच दाखवून राहिला." तक्रार प्रत्येक वेळी एकच: सॉफ्टवेअर बिघडलंय. पण तिच्या पोटात तीन निरनिराळी दुखणी असतात. कधी प्रोग्राम खरोखरच सुरू होत नाही. कधी तो अगदी बरोबर वागत असतो आणि आपल्याला धीर नसतो. आणि कधी तो बरोबर उत्तर देतो, पण आपण न विचारलेल्या प्रश्नाचं. पहिल्या दुखण्यात सगळ्यांचा वेळ जातो. तिसऱ्याकडे कुणाचं लक्षच जात नाही, आणि नेटवर्कची खरी समज तिथंच दडलेली असते. या प्रकरणाचा मोठा भाग म्हणूनच त्या तिसऱ्याला दिला आहे.

आधी सिम्युलेटरचं कुळ थोडक्यात. १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि तिच्या शेजारचं बर्कले विद्यापीठ यांच्यामधली लाइन अचानक रांगायला लागली. अंतर जेमतेम चारशे यार्ड. नेहमीचा वेग सेकंदाला ३२ हजार बिट, तो ४० बिटवर आला. तार शाबूत होती. गर्दी झाली की सगळे संगणक हरवलेली पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत, त्यानं गर्दी आणखी वाढे, आणि लाइन आपल्याच ओझ्याखाली दबून जाई. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ साली यावर उपाय मांडला, आणि तोच आजही इंटरनेटला सावरून धरतो. पण असा उपाय चालत्या नेटवर्कवर करून बघणं धोक्याचं. त्याच १९८८ साली बर्कलेत पीएचडी करणाऱ्या श्रीनिवासन केशव या आयआयटी दिल्लीच्या विद्यार्थ्यानं 'रिअल' नावाचा सिम्युलेटर लिहिला. त्यातूनच १९८९ पासून एनएस म्हणजे नेटवर्क सिम्युलेटर हा प्रोग्राम वाढत गेला. त्याची दुसरी पिढी एनएस-२ जगभरच्या विद्यापीठांत पोचली. २००६ मध्ये एनएस-३ चं काम सुरू झालं आणि २००८ मध्ये ते बाहेर आलं. ते सर्वस्वी नव्यानं लिहिलेलं असल्यामुळे एनएस-२ ची स्क्रिप्ट त्यात चालत नाही. ही एक गोष्ट माहीत नसल्यामुळे किती मुलांच्या किती संध्याकाळी वाया गेल्या असतील!

एनएस-२ ची शेवटची मुख्य आवृत्ती, २.३५, नोव्हेंबर २०११ मध्ये आली. गोंडवाना विद्यापीठ सुरू झालं तेव्हाच म्हणा ना. त्यानंतर त्या प्रोग्रामला कुणी मोठा हात लावला नाही. संगणक बदलले, उबंटू लिनक्सच्या किती आवृत्त्या आल्या आणि गेल्या, एनएस-२ मात्र तिथंच उभं आहे. पहिल्या प्रकारच्या दुखण्याचं मूळ इथं आहे.

त्यातलं सगळ्यांत प्रसिद्ध दुखणं जवळून बघू. एनएस-२ ची 'ऑल-इन-वन' गठडी उघडायची आणि इन्स्टॉलचा हुकूम द्यायचा. पडद्यावर शेकडो ओळी सरसर वर जातात, पाच-सात मिनिटं सगळं सुरळीत वाटतं आणि शेवटी उमटतं: 'एनएस मेक फेल्ड'. मुलं ही शेवटची ओळ वाचतात, तिचाच फोटो काढतात आणि तोच सरांना दाखवतात. त्या ओळीत काहीच माहिती नसते. काम फसलं एवढंच ती सांगते, आणि ते तर आपल्याला दिसलेलंच असतं. खरी ओळ वर कुठंतरी गेलेली असते. वर सरकत जाऊन जिथं 'एरर' हा शब्द पहिल्यांदा आला तिथं थांबायचं. तिथं एका फाइलचं नाव दिसतं: लिंकस्टेट फोल्डरमधली 'एलएस डॉट एच', ओळ १३७. आणि तक्रार अशी की 'इरेज' हे नाव इथं कुणी जाहीर केलेलं नाही.

ती फाइल उघडली की १३७ व्या ओळीवर 'इरेज-ऑल' नावाची छोटीशी क्रिया दिसते. सगळ्या नोंदी पुसून टाकायचं तिचं काम, आणि त्यासाठी ती 'इरेज' या दुसऱ्या क्रियेला हाक मारते. ही 'इरेज' त्या फाइलीत लिहिलेली नाही. मूळ वर्गाकडून ती वारशानं आलेली आहे. जुना जीसीसी कंपायलर समजून घ्यायचा: इथं नाव सापडत नाही, तर वारशात बघू. सी प्लस प्लस भाषेचा नियम मात्र असं समजून घ्यायला परवानगी देत नव्हता. मार्च २०१२ मध्ये आलेल्या जीसीसी ४.७ नं हा नियम कडक पाळायला सुरुवात केली. म्हणजे एनएस-२ ची शेवटची आवृत्ती बाहेर पडल्यावर चार-पाच महिन्यांतच तिची एक ओळ बेकायदा ठरली. दुरुस्ती अगदी एवढीशी: 'इरेज'च्या आधी 'धिस' हा शब्द आणि बाणाची खूण टाकायची, म्हणजे 'माझ्याच वारशातली इरेज' असा अर्थ होतो. फाइल सेव्ह करून पुन्हा इन्स्टॉल केलं की गाडी पुढे सरकते.

ही दुरुस्ती मुलं एकमेकांना सांगतात आणि यंत्रागणिक करत जातात, त्यात वावगं काही नाही. पण शिकवणाऱ्यानं इथं दहा मिनिटं थांबावं असं मला मनापासून वाटतं. कारण हा बिघाड कुणाच्याही चुकीनं झालेला नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी त्यांच्या काळात चालणारी ओळ लिहिली आणि कंपायलर लिहिणाऱ्यांनी भाषेचा नियम पाळला. दोन प्रामाणिक कामांच्या मधल्या फटीत गडचिरोलीचा विद्यार्थी अडकला. पुढं नोकरीत भेटणारे कितीतरी बिघाड असेच असतात. दोष शोधताना 'कुणी केलं?' याऐवजी 'यातलं काय बदललं?' असं विचारायची सवय इथं लागली, तर ती जन्मभर पुरते.

या जातीची बाकीची दुखणी भराभर सांगता येतील. इन्स्टॉल अर्ध्यात थांबलं आणि 'एक्स' लायब्ररी सापडत नाही असं आलं, तर पडद्यावर चित्र काढणाऱ्या लायब्ररींची डेव्हलपमेंट पॅकेजं आधी घालावी लागतात. सगळं नीट झालं पण 'एनएस' टाइप केल्यावर असा हुकूमच नाही असं उत्तर आलं, तर प्रोग्राम जागेवर आहे, फक्त तो कुठं ठेवलाय हे शेलला माहीत नाही. पाथमध्ये पत्ता लिहायचा. लिनक्स आभासी यंत्रात चालवत असाल आणि ते यंत्र सुरूच होत नसेल तर बायॉसमध्ये जाऊन व्हर्च्युअलायझेशन बंद ठेवलंय का ते बघायचं. लॅबच्या संगणकांवर ते बहुधा बंदच असतं, कारण ते सुरू करायचं कारणच कधी पडलेलं नसतं. आणि ऐन प्रॅक्टिकलला लाइन गेली तर? एनएस-२ च्या गठडीत टीसीएल, टीके, ओटीसीएल, नॅम असं बरंच काही आधीच बांधलेलं असतं, पण कंपायलर आणि त्या एक्स लायब्ररी बाहेरून आणाव्या लागतात. ज्या लॅबमध्ये एक यंत्र सुट्टीत नीट तयार करून त्याचीच प्रत बाकीच्या यंत्रांवर उतरवलेली असते, तिथं हा प्रश्न वर्षभर येत नाही. सिस्कोच्या पॅकेट ट्रेसर या सिम्युलेटरचं मात्र वेगळं: त्याच्या काही आवृत्त्या उघडताना खात्यात लॉगिन मागतात, म्हणून लाइन असेल तेव्हा, तास सुरू व्हायच्या आधीच लॉगिन करून ठेवणं बरं.

पॅकेट ट्रेसरचं नाव निघालंच आहे, तर दुसऱ्या जातीच्या दुखण्याकडे वळू, कारण ते तिथं रोज दिसतं. विद्यार्थी स्विच आणतो, दोन संगणक जोडतो. एका टोकाचा दिवा हिरवा, स्विचच्या टोकाचा नारिंगी. लगेच पिंग करतो, जात नाही. केबल काढतो, पुन्हा लावतो; पुन्हा नारिंगी. असं चार वेळा करतो आणि चारही वेळा स्वतःच्या हातानं घड्याळ शून्यावर आणतो. तो नारिंगी दिवा म्हणजे स्विचचा विचार चाललेला असतो. जाळ्यात कुठं गोल तयार झाला, तर पॅकेट त्यात कायमची फिरत राहतील. म्हणून स्विच पंधरा सेकंद नुसतं ऐकतो, पुढचे पंधरा सेकंद पत्ते शिकतो आणि मगच वाट उघडतो. स्पॅनिंग ट्री नावाची ही रीत रॅडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये शोधली. तीस सेकंद हात मागे घेऊन बसलं की दिवा आपोआप हिरवा होतो. घाई असेल तर वेळ पुढे ढकलायचं बटण खाली दिलेलं आहेच.

दुसरी गोष्ट पहिल्या पिंगची. राउटरपलीकडच्या संगणकाला चार पिंग पाठवले, पहिला हरवला, तीन पोचले. विद्यार्थी जर्नलमध्ये लिहितो, '२५ टक्के नुकसान, लिंक खराब'. लिंक ठणठणीत असते. राउटरला पलीकडच्या संगणकाचा आयपी पत्ता ठाऊक असतो, पण त्या नेटवर्कवर त्याचं हार्डवेअरचं नाव काय हे अजून माहीत नसतं. तो ते ओरडून विचारतो, आणि उत्तर येईपर्यंत हातातलं पॅकेट टाकून देतो. पुन्हा पिंग करा, चारही पोचतील. पॅकेट ट्रेसरच्या सिम्युलेशन मोडमध्ये एकेक पाऊल टाकत गेलं की हे ओरडणं आणि ते टाकून देणं डोळ्यांनी दिसतं. माझ्या मते सगळ्या अभ्यासक्रमात इतकी बोलकी दोन मिनिटं दुसरी नाहीत.

पिंग खरोखरच जात नसेल तर शोधायची वाट आतून बाहेर जाते. आधी १२७.०.०.१ ला, म्हणजे स्वतःलाच. मग स्वतःच्या पत्त्याला. मग गेटवेला. मग राउटरच्या पलीकडच्या टोकाला. शेवटी समोरच्या संगणकाला. ज्या पायरीवर पिंग पहिल्यांदा अडतो, तिथं किंवा तिच्या लगेच अलीकडे खोट असते. नवशिक्यांच्या बाबतीत ती बहुतेक वेळा दोनच ठिकाणी सापडते: संगणकात गेटवे लिहायचा राहिला, किंवा राउटरचं पोर्ट सुरूच केलं नाही. सिस्कोच्या राउटरची पोर्टं मुळात बंद असतात, 'नो शटडाउन' म्हटल्याशिवाय ती उघडत नाहीत.

जीएनएस-३ हा प्रोग्राम वापरणाऱ्यांसाठी इथं एक टिपण. तो राउटरच्या वागण्याची नक्कल करत नाही, राउटरचं खरं सॉफ्टवेअरच आपल्या संगणकावर चालवतो. त्यासाठी ख्रिस्तोफ फिलो या फ्रेंच अभियंत्यानं लिहिलेला डायनॅमिप्स प्रोग्राम आत बसलेला असतो. राउटर रिकामा बसलाय की काम करतोय हे डायनॅमिप्सला आपण सांगावं लागतं, 'आयडल-पीसी' ही किंमत भरून. ती भरली नाही तर एकटा राउटर संगणकाचा सगळा प्रोसेसर खाऊन टाकतो, पंखा घोंघावायला लागतो आणि मुलांना वाटतं यंत्र जुनं झालं.

आता तिसरं दुखणं. प्रोग्राम सुरू आहे, एकही एरर नाही, आकडे येताहेत, पण ते आपल्या प्रश्नाचं उत्तर नाहीत.

यासाठी पुस्तकातलं चार नोडचं उदाहरण बाजूला ठेवून आपल्याच दोन जिल्ह्यांचा रस्त्यांचा नकाशा एनएस-२ मध्ये उतरवू. केबल बहुधा रस्त्याच्या कडेनं आणि पुलांवरूनच जाते, त्यामुळे सरावाला हा नकाशा उत्तम. पश्चिमेला चंद्रपूर. तिथून एक वाट मूलवरून गडचिरोलीला. दुसरी गोंडपिंपरीवरून आष्टीला, आणि आष्टीहून चामोर्शीमार्गे पुन्हा गडचिरोलीला. हे झालं कडं. आष्टीच्या दक्षिणेला आलापल्ली, आणि तिथून तीन फाटे: एटापल्ली, भामरागड, सिरोंचा. हे झालं झाड. वर कडं, खाली झाड असा हा आकार एकदा कागदावर काढला की दक्षिणेकडची गावं वारंवार का तुटतात याचं निम्मं उत्तर काहीही न चालवता मिळतं.

लिंक लिहिताना क्षमता आणि विलंब असे दोन आकडे द्यावे लागतात. मुलं पुस्तकातल्या उदाहरणातले '१० मिलिसेकंद' उचलून सगळीकडे डकवतात. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे दहा मिलिसेकंदांत दोन हजार किलोमीटर. चंद्रपूर ते गडचिरोली अंतर साधारण ८० किलोमीटर, त्याचा विलंब ०.४ मिलिसेकंद. पुस्तकातला आकडा ठेवला तर आपलं पॅकेट मूलला जाताना दोन हजार किलोमीटरची वाट तुडवतं, आणि सिम्युलेटर त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. तो का काढेल? त्याला आपण जे सांगितलं ते त्यानं केलं.

पुढचा प्रयोग: चंद्रपूरहून गडचिरोलीला टीसीपीचा प्रवाह सुरू करायचा आणि दुसऱ्या सेकंदाला मूल-गडचिरोली लिंक तोडायची. एनएस-२ मध्ये त्यासाठी एका ओळीचा हुकूम आहे. सगळ्यांची अपेक्षा अशी की पॅकेट वळून गोंडपिंपरी-आष्टीकडून जातील. कडं आहेच ना! पॅकेटांची हालचाल चित्रात दाखवणाऱ्या नॅमच्या पडद्यावर मात्र ती मूलपर्यंत येतात आणि तिथून बारीक चौकोन होऊन खाली गळून पडतात. ट्रेस फाइल उघडली तर त्या क्षणानंतर अशी ओळ मिळते: डी, २.०१४, १, २, टीसीपी, १०४०, आणि पुढं आणखी काही आकडे. ही ओळ डावीकडून वाचायची. 'डी' म्हणजे पॅकेट टाकलं. वेळ २.०१४ सेकंद. नोड १ वरून, म्हणजे मूलहून, नोड २ कडे, म्हणजे गडचिरोलीकडे जाताना. टीसीपीचं पॅकेट, आकार १०४० बाइट: हजार बाइट माहिती आणि चाळीस बाइट वरची वेष्टनं. 'पॅकेट कुठं गेलं?' या प्रश्नाचं उत्तर असं एका ओळीत असतं. मुलं आलेख काढायच्या घाईत ट्रेस फाइल वाचतच नाहीत, हे फार मोठं नुकसान आहे.

पण पॅकेट वळली का नाहीत? कारण एनएस-२ मध्ये वेगळं काही सांगितलं नाही, तर मार्ग एकदाच, सुरुवातीला ठरतात आणि शेवटपर्यंत तेच राहतात. रस्ता तुटल्याची बातमी कुणी कुणाला देत नाही. सुरुवातीला आणखी एक ओळ लिहून डिस्टन्स-व्हेक्टर राउटिंग सुरू केलं की नोड एकमेकांशी बोलू लागतात, आणि लिंक तुटल्यावर पॅकेट खरोखरच आष्टीकडून वळताना दिसतात. राउटिंग प्रोटोकॉल कशासाठी असतो हे त्या क्षणी जसं कळतं तसं व्याख्या पाठ करून कळत नाही.

इथंच थांबू नये. नकाशा जाणणाऱ्या मुलांना पुढचा प्रश्न विचारावा: या कड्याच्या दोन बाजू खरोखर एकमेकींपासून सुट्या आहेत का? चंद्रपूरकडून येणाऱ्या दोन्ही वाटा वैनगंगा ओलांडतात, एक गडचिरोलीजवळ आणि एक आष्टीजवळ. नदी एकच. वर भंडारा जिल्ह्यात गोसेखुर्द धरण. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस गोसेखुर्दच्या विसर्गानं वैनगंगेला जो पूर आला, तो ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरी इथले लोक विसरलेले नाहीत. अशा पुरात दोन्ही वाटा एका वेळी धोक्यात येतात. सिम्युलेटरमध्ये विद्यार्थी एका वेळी एकच लिंक तोडतो आणि जाळं टिकलं म्हणून समाधान मानतो. दोन्ही लिंक एकाच क्षणी तोडून बघा. प्रवाह थांबतो, राउटिंगचा कुठलाही प्रोटोकॉल त्याला वाचवू शकत नाही. नेटवर्क आखणारे अभियंते याला सामायिक धोका म्हणतात, आणि तो नदीकाठच्या मुलाला जितका लवकर दिसतो तितका कुणालाच दिसत नाही. या मुलांना पुस्तकातली चार नोडची आकृती देणं म्हणजे त्यांच्याजवळचं ज्ञान लॅबच्या दाराबाहेर ठेवायला लावणं आहे. मला हे अन्यायाचं वाटतं.

शेवटचा प्रयोग भामरागडचा. इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा या नद्यांच्या संगमावरचं हे गाव. पर्लकोटेच्या जुन्या ठेंगण्या पुलावरून पाणी गेलं की पावसाळ्यात ते बाहेरच्या जगापासून तुटायचं. आलापल्लीहून येणारी एकच फांदी, तीही तुटली असं समजा आणि तिच्या जागी उपग्रहाची लिंक द्या. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. वर जाऊन खाली यायला प्रकाशाला जवळजवळ पाव सेकंद लागतो, आणि उत्तर परत यायला तितकाच. लिंकची क्षमता सेकंदाला २ मेगाबिट आणि विलंब २५० मिलिसेकंद लिहून टीसीपीवर एक मोठी फाइल पाठवली, तर हाती थ्रूपुट, म्हणजे प्रत्यक्ष वेग, येतो सेकंदाला सुमारे ३३० किलोबिट. क्षमतेचा सहावा हिस्सा! एकही पॅकेट गळलेलं नाही, लिंकच्या तोंडाशी पॅकेटांची रांग रिकामी, दुसरं कुणी लाइनवर नाही. इथं विद्यार्थी खात्रीनं म्हणतो की सॉफ्टवेअर चुकलं.

कागद-पेन्सिल घेऊन बसा. टीसीपी उत्तर आल्याशिवाय किती पॅकेट पुढं पाठवू शकतं याला मर्यादा असते, ती विंडो. एनएस-२ मध्ये आपण काही लिहिलं नाही तर ती २० पॅकेटांची असते. वीस पॅकेट सोडायची आणि मग अर्धा सेकंद पोचपावतीची वाट बघत बसायचं. वीस गुणिले १०४० बाइट गुणिले आठ बिट, म्हणजे १,६६,४०० बिट दर अर्ध्या सेकंदाला. सेकंदाला तेच सव्वातीन लाखांवर. सिम्युलेटरचं उत्तर चोख आहे. बाकी सगळा वेळ लाइन रिकामी पडून आहे. ती भरून वाहायला सुमारे १२० पॅकेट एका वेळी वाटेवर हवीत. विंडो तेवढी वाढवली की वेग चढतो, आणि मग नवा प्रश्न उभा राहतो तो रांगेचा, कारण तिचीही न सांगता ठरलेली मर्यादा आहे, ५० पॅकेटांची. खऱ्या जगातल्या टीसीपीलाही हीच अडचण आली होती. मूळ रचनेत विंडोसाठी सोळाच बिट ठेवलेले, म्हणजे ६५,५३५ बाइटच्या पुढे जाता येत नव्हतं. लांबच्या वाटांसाठी ती मर्यादा ताणायची सोय १९९२ मध्ये प्रमाणित झाली. भामरागडचा हा प्रयोग मन लावून करणाऱ्याला ती सोय कशाकरता आली हे कुणी शिकवावं लागत नाही.

आता एक अशी गोष्ट, जिच्यामुळे वर्गात उगाच भांडणं होतात. एक्सटर्नल परीक्षक जर्नलं चाळतात आणि तीस मुलांचे आकडे दशांशाच्या चौथ्या स्थळापर्यंत सारखे बघून म्हणतात, सगळ्यांनी एकाचं उतरवलं. कधी उतरवलेलं असतंही. पण मुळीच न उतरवता हेच घडतं. सिम्युलेटरमधली यदृच्छा खोटी असते. एका सुरुवातीच्या आकड्यावरून, सीडवरून, पुढचे सगळे आकडे ठराविक सूत्रानं निघतात. एनएस-२ मध्ये तो आकडा न सांगता १२३४५ असतो. तो बदलला नाही तर चंद्रपुरात, गडचिरोलीत आणि जगात कुठंही तीच स्क्रिप्ट तेच आकडे देते. त्याहून वाईट म्हणजे अभ्यासू विद्यार्थी प्रयोग दहा वेळा चालवून सरासरी काढतो आणि दहाही वेळा उत्तर एकच येतं. त्याला वाटतं, वा, किती पक्कं उत्तर! त्यानं एकच प्रयोग दहा वेळा मोजलेला असतो.

ही गफलत फक्त विद्यार्थ्यांची आहे असंही नाही. अमेरिकेतल्या कोलोराडो स्कूल ऑफ माइन्समधल्या कुर्कोव्स्की, कँप आणि कोलाग्रोसो या तिघांनी २००५ मध्ये बिनतारी जाळ्यांच्या एका नामांकित परिषदेतले सहा वर्षांचे १५१ निबंध तपासले. त्यातले ११४ सिम्युलेशनवर उभे होते, आणि दुसऱ्याला तसाच प्रयोग पुन्हा करून बघता येईल इतकी माहिती पंधरा टक्क्यांहूनही कमी निबंधांत होती. कुठला सिम्युलेटर, कुठली आवृत्ती, कुठलं सीड, हेच अनेकांत लिहिलेलं नव्हतं.

म्हणून जर्नलच्या पहिल्या पानावर, 'उद्देश' लिहायच्याही आधी, चार ओळी हव्यात: सिम्युलेटरचं नाव आणि आवृत्ती, लिनक्सची आणि कंपायलरची आवृत्ती, आपण न बदललेले पण उत्तरावर परिणाम करणारे आकडे (विंडो, रांग, राउटिंगची रीत), आणि सीड. सीड प्रत्येकानं आपला रोल नंबर द्यावा. वाहतूक यदृच्छेनं चालू-बंद होणारी असेल किंवा लिंकवर चुका सोडलेल्या असतील, तर तीस मुलांची तीस निराळी उत्तरं येतील, ती फळ्यावर मांडून वर्गाची सरासरी आणि फैलाव काढता येईल. परीक्षकांना शंका आली तर तो रोल नंबर घालून समोरच स्क्रिप्ट चालवायची. आकडा शेवटच्या स्थळापर्यंत जुळला पाहिजे. आणि जिथं यदृच्छेला जागाच नाही, जसं वरच्या उपग्रहाच्या प्रयोगात, तिथं सीड कितीही बदललं तरी उत्तर तेच येणार. तिथं तीस जर्नलांत सारखेच आकडे असतील, तर मुलांनी काम नीट केलंय.